पदवीच्या उत्तरार्धात विद्यापीठ बदलताना या चुका टाळा

पदवीचे निम्म्याहून अधिक शिक्षण झाल्यावर विद्यापीठ बदलण्याचा विचार करणारे विद्यार्थी बहुधा एकच गोष्ट विचारतात: ‘माझी क्रेडिट (पूर्ण केलेल्या अभ्यासक्रमांबद्दल जमा झालेले श्रेयांक) तिकडे मान्य होतील का?’ हा प्रश्न अपुरा आहे आणि सर्वांत महाग पडणारी चूक इथेच होते. क्रेडिट मान्य होणे आणि ते पदवीच्या नेमक्या अटीत धरले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवे विद्यापीठ तुमचा संख्याशास्त्राचा अभ्यासक्रम मान्य करील, पण मुख्य विषयातील अनिवार्य अभ्यासक्रमाच्या जागी न धरता तो केवळ ऐच्छिक म्हणून जमा करील. मग गुणपत्रकावर क्रेडिटांची संख्या भरघोस दिसते आणि तरीही मुख्य विषयाचे बरेचसे काम शिल्लकच राहते. म्हणून माझ्या मुख्य विषयाच्या कोणत्या अटी पूर्ण झाल्या असे धरले जाईल आणि कोणत्या उरतील, हे विचारावे, आणि उत्तर प्रत्येक अभ्यासक्रमाच्या नावानिशी लेखी घ्यावे. हा निर्णय अनेक ठिकाणी प्रवेश कार्यालयाच्या नव्हे, तर विषय विभागाच्या हातात असतो, त्यामुळे तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

दुसरी चूक म्हणजे नव्या विद्यापीठात किमान किती क्रेडिट मिळवावी लागतात, हे न पाहणे. अमेरिकेत पदवी साधारणपणे 120 सेमिस्टर क्रेडिटांची असते आणि त्यांपैकी किमान 30 आपल्याकडेच पूर्ण करावीत, अशी अट अनेक विद्यापीठे घालतात. काही ठिकाणी ती शेवटचीच 30 असावी लागतात. युरोपातील विद्यापीठांच्या ईसीटीएस या सामायिक क्रेडिट पद्धतीत पूर्ण वर्षाची 60 क्रेडिट असल्यामुळे आकडे तसेच्या तसे ताडून पाहता येत नाहीत. क्वार्टर पद्धतीतील (जिथे सत्रे सेमिस्टरपेक्षा लहान असतात) 45 क्रेडिट सेमिस्टर पद्धतीत 30च भरतात, हेही हिशेब करताना अनेकांच्या ध्यानात येत नाही.

मात्र क्रेडिटांपेक्षा सत्रे मोजणे अधिक गरजेचे आहे, असे मला ठामपणे वाटते. समजा, मुख्य विषयाचे चारच अभ्यासक्रम उरले आहेत. पण दुसऱ्याला पहिला, तिसऱ्याला दुसरा आणि चौथ्याला तिसरा पूर्ण असण्याची अट आहे. अशा वेळी ते एका सत्रात संपत नाहीत, चार सत्रे लागतात. आणि त्यांतील एखादा वर्षातून एकदाच शिकवला जात असेल तर त्याहूनही जास्त. नव्या विभागाचे दोन वर्षांचे वेळापत्रक मागवून, प्रत्येक सत्रात काय घ्यायचे हे कागदावर मांडल्याशिवाय ‘फक्त एक वर्ष राहिले आहे’ असे घरी सांगू नये. शुल्क, शिष्यवृत्तीची मुदत आणि परदेशी विद्यार्थ्याचा व्हिसा हे सारे याच मांडणीवर अवलंबून असते.

अनेक विद्यापीठांत बाहेरून आलेली क्रेडिट धरली जातात, पण त्यांतील गुण नव्या सरासरीत येत नाहीत. सरासरी घसरलेल्या विद्यार्थ्याला हा दिलासा वाटतो खरा, परंतु पुढील शिक्षणासाठी अर्ज करताना जुनी गुणपत्रकेही बहुधा जोडावी लागतात. शिफारसपत्रांचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण अर्जाची वेळ येईल तेव्हा नवे प्राध्यापक तुम्हाला जेमतेम काही महिने ओळखत असतील.

बदलाचे कारण तपासताना स्वतःशी प्रामाणिक राहावे. पुढे पदव्युत्तर शिक्षण घ्यायचेच असेल, तर केवळ नावाजलेल्या विद्यापीठाचा शिक्का मिळावा म्हणून शेवटच्या टप्प्यावर बदल करणे मला योग्य वाटत नाही. ते नाव पदव्युत्तर प्रवेशातूनही मिळू शकते. पण हवा असलेला विषयच सध्याच्या विद्यापीठात शिकवला जात नसेल, विभाग बंद होत असेल किंवा तिथे राहणे प्रकृतीला अथवा सुरक्षिततेला धोक्याचे झाले असेल, तर एक वर्ष जास्त गेले तरी बदल करावा, आणि ते वर्ष वाया गेले असे कोणी म्हणू लागल्यास मनावर घेऊ नये.

बदल करून झाला असेल आणि अभ्यासक्रम नाकारले गेले असतील, तर तो निर्णय अंतिम समजू नये. साप्ताहिक विषयक्रम, पाठ्यपुस्तकांची नावे आणि जमा केलेली कामे जोडून विभागाकडे फेरविचाराचा अर्ज करता येतो. केवळ अभ्यासक्रमाचे शीर्षक पाहून दिलेला नकार अशा कागदपत्रांमुळे बदलू शकतो. बदल अजून व्हायचा असेल, तर जुना प्रवेश रद्द करण्याऐवजी आधी रजा मागावी, आणि उरलेले दोन-तीन अभ्यासक्रम दुसरीकडे पूर्ण करून पदवी जुन्याच विद्यापीठाची घेता येईल का, हे तिथल्या परीक्षा विभागाला लेखी विचारावे.