डिफेंडर घडवताना या चुका टाळा: उंच पोरगा दिसला म्हणून लगेच स्टॉपर करू नका

फुटबॉलच्या दर मोसमाच्या सुरुवातीला हेच चालतं. नवी पोरं रांगेत उभी राहतात. प्रशिक्षक एक नजर फिरवतो, सगळ्यात उंच दिसेल त्याच्याकडे बोट करतो आणि म्हणतो, "तू स्टॉपर." स्टॉपर म्हणजे बचावाच्या मधोमध उभा राहणारा. डाव्या पायाचा कोणी सापडला की तो लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या कडेचा. ज्याला कुठेच बसवता येत नाही तो राइट बॅक. पाच मिनिटांत बचावफळी तयार, आणि त्या पाच मिनिटांतला निकाल पोरं पुढे पाच-सहा वर्षं वागवत बसतात. मीही हे केलंय. म्हणून दुसरं कोणी करताना दिसलं की जास्तच डोकं फिरतं.

चूक पहिली: उंचीवरून जागा ठरवणं

माझ्याकडे एक मुलगा होता. तेराव्या वर्षीच बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच. मी क्षणाचाही विचार न करता त्याला स्टॉपर केलं. पुढचे दोन मोसम आमच्या गोलसमोरच्या बॉक्समध्ये आलेला जवळपास प्रत्येक उंच चेंडू त्याने काढला. कोणी त्याला चकवून पुढे गेलाच, तर दोन लांब टांगा टाकून हा त्याला गाठायचा. मी खूश, त्याचे वडील माझ्याहून खूश.

मग पोरं सोळाची झाली. काल याच्या खांद्याला लागणारे आज कानाला लागायला लागले. त्या मोसमातला एक सामना अजून डोळ्यांसमोर आहे. समोरचा फॉरवर्ड बुटका होता आणि हुशार होता. त्याने दिवसभरात एकही उंच चेंडू मागितला नाही. प्रत्येक वेळी पायात घ्यायचा, डावा खांदा पाडायचा आणि उजवीकडून निघून जायचा. आमच्या पोराला पाठीमागे वळायला चार पावलं लागत होती. मी बाहेरून मोजली. त्याची चार पावलं होईपर्यंत तो बुटका गोलकीपरसमोर उभा. मध्यंतरापर्यंत तीन गोल झाले, तीनही तसेच.

सामना संपल्यावर बुटाची नाडी सोडता सोडता त्याने वर न बघता विचारलं, "सर, वळायचं कसं ते आपण कधी केलं होतं का?"

नव्हतं केलं. दोन वर्षं त्याला वळायची वेळच आली नव्हती, त्यामुळे मला ते दिसलंही नव्हतं. तो खेळ जिंकत नव्हता, त्याची हाडं जिंकत होती.

मुलांची उंची सर्वात झपाट्याने वाढते ती साधारण तेरा-चौदाच्या आसपास. पण कोणाचं ते बाराव्यालाच होतं, कोणाचं सोळाव्यापर्यंत लांबतं. म्हणजे चौदा वर्षांखालच्या संघात जो 'धिप्पाड डिफेंडर' दिसतो, तो कित्येकदा फक्त लवकर वाढलेला मुलगा असतो. उलट उदाहरण हवं तर नेदरलँड्सचा स्टॉपर व्हर्जिल व्हॅन डाइक घ्या. विलेम टू या डच क्लबच्या अकादमीत तो लहानखुरा राइट बॅक होता; उंची आली ती सतराव्या वर्षाच्या सुमारास. आज त्याला पाहून कोणीही म्हणेल, हा जन्मजात स्टॉपर. आणि उंची हीच पात्रता असती तर १.७६ मीटरच्या आसपासचा इटलीचा स्टॉपर फाबिओ कॅनावारो २००६ साली कर्णधार म्हणून विश्वचषक उचलून त्याच वर्षीचा बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, घेऊन गेला नसता. फ्रांको बारेसी आणि कार्लेस पुयोल हे नावाजलेले स्टॉपरही काही ताडमाड नव्हते.

आता माझी सवय सांगतो. सामान ठेवायच्या खोलीच्या चौकटीवर मी पेन्सिलीने प्रत्येक पोराची उंची मांडतो, दर तीन महिन्यांनी. ज्याची रेघ अचानक उडी मारते, त्याच्याबद्दल पुढचे सहा महिने मी काहीच मत बनवत नाही. पाय लांब झालेले असतात, पण डोक्याला अजून त्यांचा हिशेब लागलेला नसतो. काल सहज थांबवलेला चेंडू आज नडगीला लागून उडतो. बाहेरून लोक म्हणतात, "बिघडला हा." बिघडलेला नसतो. याच काळात टाच किंवा गुडघ्याखालचं हाड दुखतंय म्हणून पोरगा लंगडत आला तर त्याला "सहन कर" म्हणू नका. उड्या आणि धावणं कमी करा, डॉक्टरला दाखवा.

आणि त्या उंच पोराला मी काय केलं? वर्षभर स्टॉपरवरून उचलून साइडला आणि मधल्या फळीत टाकलं. त्याचं पुढे येईल.

चूक दुसरी: घसरून टॅकल म्हणजेच बचाव समजणं

ही माझी खास नावडती. मोबाइलवर तीस सेकंदांच्या क्लिप बघून आलेलं पोर पहिल्याच दिवशी गवतावर लोळायला लागतं. क्लिपमध्ये टॅकल दिसते. आधीची आठ सेकंदं कोणी दाखवत नाही. त्या आठ सेकंदांत चांगल्या डिफेंडरने फॉरवर्डला नको त्या बाजूला ढकलत नेलेलं असतं, आणि बहुतेक वेळा टॅकलची गरजच उरत नाही.

एका बाद फेरीच्या सामन्यात आम्ही एका गोलने पुढे होतो. दोन मिनिटं उरली होती. त्यांचा विंगर, म्हणजे कडेने धावणारा फॉरवर्ड, आमच्या बॉक्समध्ये शिरला खरा, पण त्याची पाठ गोलकडे होती आणि तो कॉर्नरच्या झेंड्याकडे पळत होता. पुन्हा वाचा: झेंड्याकडे. त्याला जाऊ द्यायचं होतं, फार तर सोबत चालायचं होतं. आमचा राइट बॅक मागून आला आणि झोकून दिलं. चेंडू राहिला बाजूला, पाय सापडला. पेनल्टी, बरोबरी, आणि पुढे शूटआउटमध्ये आम्ही घरी. पोरगा रडत होता आणि चार पालक त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणत होते, "प्रयत्न केलास ना!" मला तेव्हा जे वाटलं ते इथे लिहिता येणार नाही.

माझ्याकडे पहिले दोन महिने सरावात घसरायला बंदी असते. त्याऐवजी एक खेळ: दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद पट्टा. एकाकडे चेंडू, दुसरा डिफेंडर. डिफेंडरने चेंडू काढायचाच नाही. फक्त समोरच्याला सहा सेकंद पट्टा ओलांडू द्यायचा नाही. मी मोठ्याने आकडे म्हणतो. पहिल्या दिवशी पोरं दोनवरच फसतात, कारण पाय पुढे टाकल्याशिवाय चैन पडत नाही. हळूहळू कळतं की दीड हात अंतर ठेवायचं, शरीर तिरकं, गुडघे वाकलेले, पावलं छोटी, नजर चेंडूवर, समोरच्याच्या खांद्याच्या नाटकावर नाही. फॉरवर्डला त्याच्या कच्च्या पायाकडे किंवा रेषेकडे न्यायचं. रेषा कधी चकत नाही, दमत नाही.

कंटाळवाणा खेळ आहे. ज्यांना पंधरा दिवसांत 'बॉलप्लेइंग डिफेंडर', म्हणजे मागून पास देत खेळ रचणारा, व्हायचंय, ते याच टप्प्यावर दुसरीकडे जातात. जाऊ देतो.

बाकीच्या, पटपट

डावा पाय म्हणजे लेफ्ट बॅक, हे समीकरण सोडा. इटलीचा पाओलो माल्दिनी मूळचा उजव्या पायाचा, आणि लेफ्ट बॅक म्हणून त्याच्या तोडीचे फार थोडे झाले. जर्मनीचा फिलिप लामही उजव्याच पायाचा. २००६ च्या विश्वचषकात कोस्टा रिकाविरुद्ध त्याने पहिला गोल केला तो डावीकडून आत वळून, उजव्या पायाने.

सगळ्यात कच्चा खेळाडू साइड बॅकला (लेफ्ट किंवा राइट बॅकला) लपवू नका. आजचा साइड बॅक संघात सर्वांत जास्त पळणाऱ्यांपैकी असतो आणि चेंडूही त्याच्या वाट्याला भरपूर येतो.

"मार बाहेर!" हे बाहेरून ओरडणं बंद करा. २०१९ पासून गोल किकचा (आपल्या गोलसमोरून खेळ पुन्हा सुरू करायच्या किकचा) चेंडू बॉक्सच्या बाहेर जाईपर्यंत थांबावं लागत नाही. आपल्याच बॉक्समध्ये डिफेंडर तो घेऊ शकतो. नियमाने दार उघडलंय आणि आपण अजून चेंडू आभाळात पाठवतोय. लहान वयात चुकून गोल खाल्ला तर खाऊ द्या. मी तर सरावात आभाळात मारलेला चेंडू ज्याने मारला त्यालाच आणायला पाठवतो. दोन-तीन फेऱ्यांत पासिंग सुधारतं.

हेडिंगची, म्हणजे डोक्याने चेंडू मारायची, घाई नको. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांसाठी सरावातलं हेडिंगच काढून टाकायला सांगितलं. त्या वयात उंच चेंडूखाली कुठे उभं राहायचं एवढं शिकवलं तरी पुष्कळ झालं. हाताने झेलून शिकवा.

चेंडूकडेच बघत राहणं. दहा मिनिटं चेंडू विसरून फक्त तुमच्या डिफेंडरकडे बघा आणि तो मान किती वेळा मागे वळवतो ते मोजा. मी वहीत रेघा मारतो. पहिल्या वेळी तीन-चार रेघांच्या पुढे माझी वही क्वचितच जाते.

मुका डिफेंडर. यावर माझ्याकडे औषध नाही. काही पोरं बोलतात, काहींना बोलतं करायला वर्षं जातात.

चूक शेवटची: "याची बेस्ट पोझिशन कोणती?" हे बाराव्या वर्षी विचारणं

हा प्रश्न पोरं विचारत नाहीत, पालक विचारतात. तेही सरावाच्या तिसऱ्या दिवशी, गेटवर गाठून. मी म्हणतो, "सतराव्या वर्षी या." चेष्टा वाटते त्यांना.

स्पेनचा सर्जिओ रामोस २०१० च्या विश्वचषक फायनलला राइट बॅक होता, चोविसाव्या वर्षी. स्टॉपर म्हणून त्याचं नाव झालं ते त्यानंतर. मास्चेरानो मधल्या फळीतून बार्सिलोनात स्टॉपर झाला. गॅरेथ बेल उलट दिशेने गेला, लेफ्ट बॅकवरून विंगवर. अझ्पिलिक्वेता २०१६-१७ मध्ये तिघांच्या बचावात (मागे तीन स्टॉपर) खेळला आणि चेल्सीसाठी लीगमधला एकही मिनिट बाहेर बसला नाही. त्याआधी तो दोन्ही बाजूंना साइड बॅक खेळला होता. जगातले नावाजलेले प्रशिक्षक विशीतल्या खेळाडूची जागा बदलतात आणि आपल्याला बारा वर्षांच्या पोराचा निकाल आजच हवा असतो.

सोळापर्यंत मी प्रत्येकाला एका मोसमात किमान तीन जागांवर खेळवतो, आणि कोण कुठे किती मिनिटं खेळला ते वहीत लिहितो. नाहीतर जिंकायच्या मोहात आपण नकळत तेच ते करतो. वही खोटं बोलू देत नाही.

त्यानंतर तीन गोष्टी बघतो. पहिली, त्याला समोरून येणारा खेळ जमतो की पाठीमागचा? स्टॉपरला चारी बाजूंनी धोका असतो. साइड बॅकला एक बाजू रेषा सांभाळते. जो पाठीमागच्या धावेने गोंधळतो, त्याला कडेला बरं पडतं. दुसरी, दबावाखाली चेंडू आला की त्याचा पहिला स्पर्श कुठे जातो? पुढे मोकळ्या जागेत काढणारा असेल तर त्याला बचावफळीच्या पुढे, मधल्या फळीत एक मोसम देऊन बघतो. तिसरी, चूक केल्यावर पुढचा चेंडू तो मागतो की लपतो? लपणाऱ्याला मी मध्ये ठेवत नाही, निदान त्या वर्षी नाही. पुढच्या वर्षी पुन्हा बघतो, कारण पोरं बदलतात. हे काही शास्त्र नाही, माझी सवय आहे. तुमची वेगळी असेल तर असू द्या, पण काहीतरी लिहून ठेवा.

तो उंच पोरगा. साइडला टाकल्यावर पहिले तीन महिने त्याने माझ्याशी नीट बोलणंही सोडलं होतं. वडिलांनी दुसरीकडे न्यायची तयारी केली. रोज सरावानंतर वीस मिनिटं तो आणि सर्वांत चपळ विंगर त्या दहा मीटरच्या पट्ट्यात. चाराची तीन पावलं झाली, मग दोन. आज तो तिघांच्या बचावात उजवीकडचा असतो. उंच चेंडू अजूनही त्याचेच, आणि चेंडू पायात घेऊन हाफलाइन ओलांडतो तेव्हा मी अजून वही काढतो.