‘गुड’ म्हणजे चांगलं नव्हे

पुण्यातल्या एका केंद्र सरकारी कार्यालयात मी कारकून म्हणून लागलो, तेव्हा साहेब दरवर्षी आपल्या कामावर लिहितात त्या गोपनीय अहवालाला सगळे ‘सीआर’च (कॉन्फिडेन्शियल रिपोर्ट) म्हणत. सीआर म्हणजे कपाटातलं बंद पाकीट. साहेबांनी आत काय लिहिलंय, ते बढती हुकली की कळायचं. पुढे त्याचा एपीएआर, म्हणजे वार्षिक कामगिरी मूल्यमापन अहवाल झाला, आणि मग कागद जाऊन तो ऑनलाइन भरायचं ‘स्पॅरो’ आलं. युनियनमध्ये लगेच दोन तट पडले. काही म्हणत, बहिष्कार टाका. बाकीचे म्हणत, आपल्या कामाबद्दल आपण लिहायचं ते मागच्या वर्षीचंच चिकटवा, कोण वाचतंय! मी चिकटवणाऱ्यांतला.

त्या वर्षी मला ५.८ गुण आले, शेरा ‘गुड’. मी खुशीत होतो. जेवणाच्या सुट्टीत युनियनच्या सेक्रेटरीकाकांना सांगितलं, तर ते डबा बाजूला ठेवून म्हणाले, “गुड आलंय आणि हसतोस काय?”

नव्यांनी पहिली हीच गोष्ट लक्षात ठेवावी. १० पैकी ४ ते ६ च्या आत ‘गुड’, ६ ते ८ च्या आत ‘व्हेरी गुड’, त्यापुढे ‘आउटस्टँडिंग’. बढती न मिळता १०, २० आणि ३० वर्षं झाली की एमएसीपी या योजनेखाली वरची वेतनश्रेणी मिळते. पण २५ जुलै २०१६ पासून तिचा बेंचमार्क, म्हणजे लागणारा किमान शेरा, ‘गुड’वरून ‘व्हेरी गुड’ झाला आहे. माझी दहा वर्षं भरत आली होती. ०.२ गुणांसाठी घोडं अडणार होतं.

अहवाल दाखवल्यापासून हरकत घ्यायला १५ दिवस असतात. माझे अकरा खुशीत गेले होते.

हे १५ दिवस मिळतात, त्यामागे देव दत्त नावाच्या एका सरकारी इंजिनिअरची लढाई आहे. १९९३-९४ सालचा ‘गुड’ शेरा त्यांना कधी कळवलाच नाही आणि त्यापायी बढती अडली. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवा, वाईट असो वा चांगला. २००९ पासून पूर्ण अहवालच दाखवतात.

मला वाटलं, आता युनियन लढेल. काका म्हणाले, “तुझ्या एकट्याची केस आम्हाला घेता येत नाही.” १९९३ च्या संघटना-मान्यतेच्या नियमांत तसं स्पष्ट लिहिलंय. मी चिडलो. वर्गणी कशाला भरतो मग? पण तेच काका दोन संध्याकाळी माझ्याशेजारी बसले. माझ्या मसुद्यातला ‘घोर अन्याय’ त्यांनी खोडला आणि विचारलं, “बिलं किती काढलीस?” सेल्फ अप्रेझलमध्ये, म्हणजे अहवालात आपण आपल्या कामाबद्दल लिहायच्या भागात, मी लिहिलं होतं, ‘सोपवलेली सर्व कामे वेळेत केली.’ आकडा एकही नाही. मग डाक रजिस्टर काढून महिन्यावार मोजत बसलो. सहकारी तीन महिने रजेवर असताना त्याचं टेबलही मीच सांभाळलं होतं, ते तर मी विसरूनच गेलो होतो! हरकत मान्य झाली, ६.१ झाले.

तेव्हापासून ड्रॉवरमध्ये वही असते. दर शुक्रवारी चार ओळी: काय आलं, काय गेलं, काय कशामुळे अडलं. ४० टक्के वजन कामाला असतं. उरलेलं वागणूक आणि कार्यक्षमता यांना, ३०-३०. त्या साठ टक्क्यांत साहेबांची मर्जी शिरते, हे नाकारण्यात अर्थ नाही. आकडे मांडले की ४० टक्क्यांत तरी हात आखडता घेणं त्यांना जड जातं.

साहेब बदलले तर आधी तारखा पाहा. ज्यांनी तुमचं काम किमान तीन महिने पाहिलेलं नाही, त्यांना अहवाल लिहिता येत नाही. निवृत्त होणाऱ्या साहेबांनाही त्यासाठी निवृत्तीनंतर महिनाभरच मिळतो, म्हणून निरोप समारंभाआधीच आठवण करावी.

सेल्फ अप्रेझल १५ एप्रिलपर्यंत द्यायचं असतं. न दिल्यास साहेब त्याच्याशिवायही लिहू शकतात. १४ ला आंबेडकर जयंतीची सुट्टी, म्हणजे खरी मुदत १३ चीच धरा. ई-साइनचा, म्हणजे ऑनलाइन सहीचा, ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो. तो नंबर चालू आहे का, ते मार्चमध्येच बघा. आमच्या एकाचा जुना नंबर सासूबाईंकडे नगरला होता आणि त्या दुपारी झोपल्या होत्या.