घरून काम की लांबच्या नोकरीतलं ट्रेनिंग? निवडताना या चुका टाळा

बदलापूर, टिटवाळा, विरार, पनवेलच्या पलीकडे राहणाऱ्या मुलामुलींपुढे पहिल्याच नोकरीला हा पेच येतो. एका बाजूला घरून करायचं चॅट सपोर्टचं किंवा डेटा एंट्रीचं काम असतं. दुसऱ्या बाजूला ऐरोली, अंधेरी नाहीतर बीकेसीतली नोकरी असते, पगार दोन-तीन हजारांनी कमी, पण 'तीन महिने ट्रेनिंग देऊ' असं सांगितलेलं. घरात लगेच दोन तट पडतात. वडिलांच्या मते घरात बसून करतात ती नोकरीच नव्हे. आईला लोकलच्या गर्दीची धास्ती.

बहुतेक जण आधी पगार बघतात, मग प्रवास, आणि ट्रेनिंगचं 'जॉइन झाल्यावर कळेलच' म्हणून सोडून देतात. हा क्रम बरोबर उलटा हवा. ट्रेनिंग पोकळ निघालं तर त्यासाठी रोज तीन-साडेतीन तास लोकलमध्ये घालवण्यात काहीच अर्थ नाही. आणि ते खरं असेल तर सुरुवातीच्या दोन-तीन हजारांच्या फरकाकडे बघूही नका.

'ट्रेनिंग आहे' एवढ्यावर विश्वास ठेवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ट्रेनिंगच्या नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी खपवल्या जातात. पहिली म्हणजे कंपनीची ओळख, हजेरीचं सॉफ्टवेअर आणि नियमावली, जे तीन दिवसांत संपतं. दुसरी त्या कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरवर बटणं कुठे दाबायची एवढंच शिकवते. दुसऱ्या कंपनीत गेलात की ते शून्य. तिसरी खरी: बाजारात सगळीकडे चालणारं कसब, शिकवायला माणूस, आणि शेवटी परीक्षा.

मेडिकल कोडिंगचं उदाहरण घेऊ, कारण नवी मुंबईत हे काम बरंच चालतं आणि बीएस्सी, बीफार्म, फिजिओथेरपी, बीएचएमएस झालेली मुलं त्यात शिरतात. अमेरिकेतल्या रुग्णाच्या कागदपत्रांतला आजार आणि उपचार ठरावीक कोडमध्ये लिहायचे, म्हणजे तिथल्या विमा कंपनीकडून बिल वसूल होतं. आजारांसाठी आयसीडी-10, उपचारांसाठी सीपीटी. हे कोड सगळीकडे तेच, त्यामुळे एकदा शिकलात की कंपनी बदलली तरी शिकलेलं वाया जात नाही. सीपीसी ही या क्षेत्रातली ओळखीची परीक्षा. पण अनुभव नसताना ती पास झालात तर नावापुढे सीपीसी-ए लागतं. तो 'ए' म्हणजे अप्रेंटिस, आणि तो पुसायला साधारण दोन वर्षांचं काम दाखवावं लागतं. घरून कोडिंग करायच्या जाहिराती नीट वाचा. एक-दोन वर्षांचा अनुभव बहुतेक ठिकाणी मागितलेला असतो. म्हणजे घरून करायच्या चांगल्या कामाकडे जाणारा रस्ता ऐरोलीच्या ऑफिसातूनच जातो. टॅली-जीएसटीच्या कामात, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्येही थोड्याफार फरकाने हेच दिसेल.

मुलाखतीच्या शेवटी 'काही विचारायचं आहे का?' असं विचारलं की मान हलवून उठू नका. हे विचारा: ट्रेनिंग किती आठवड्यांचं? शिकवणारा माणूस पूर्ण वेळ त्याच कामाला आहे की कामातून उसंत मिळाली तर शिकवतो? त्या काळात पूर्ण पगार की स्टायपेंड? शेवटच्या चाचणीत नापास झालं तर पुन्हा संधी की घरी? मागच्या बॅचमधली किती मुलं आज कामावर आहेत? शेवटच्या प्रश्नावर एचआर अडखळली, तर लिफ्टपाशी भेटलेल्या ज्युनिअर मुलाला तोच प्रश्न विचारा. तो बहुधा खरं सांगतो.

याच क्षेत्रातली आणखी एक खोड ध्यानात ठेवा. कोडिंगच्या नावाने बोलावतात आणि 'सध्या तिथे जागा नाही' म्हणत एआर कॉलिंगला, म्हणजे रात्रपाळीत अमेरिकेतल्या विमा कंपन्यांना फोन करायला बसवतात. ते काम वाईट नाही, पण शिकायचं एक आणि करायचं दुसरंच असं होऊन बसतं. ऑफर लेटरवर पद आणि पाळी काय लिहिली आहे ते वाचल्याशिवाय सही करू नका.

'अप्रेंटिस म्हणून घेतो' म्हणाले तर करार सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवणार का, हे विचारा. 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखालचा करार असेल तर शेवटी प्रमाणपत्र मिळतं, ते पुढे उपयोगी पडतं. मात्र तुम्ही कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी ठरता. पीएफ कापला जात नाही आणि नंतर कायम करायचं बंधन कंपनीवर नसतं. नोंदणी नाही, प्रमाणपत्र नाही, नुसता कमी पगार, अशी 'अप्रेंटिसशिप' असेल तर तो स्वस्तातला नोकर शोधण्याचा प्रकार आहे.

प्रवास अ‍ॅपवर मोजणं

एम-इंडिकेटर उघडलं, बदलापूर ते ठाणे आणि ठाणे ते ऐरोली असं बघितलं, गाडीतला वेळ तासाभराच्या आतच दिसला. चला, जमेल! हा हिशेब कागदावरच बरोबर असतो. घर ते स्टेशन रिक्षा, तिची रांग, गाडी पाच-दहा मिनिटं लेट, ठाण्याला उतरल्यावर पुलावरच्या गर्दीतून 9-10 नंबरच्या ट्रान्स-हार्बर प्लॅटफॉर्मवर जाणं, डोळ्यांसमोर सुटलेली वाशी गाडी, ऐरोलीला उतरल्यावरची पायपीट, गेटवर बॅगतपासणी, लिफ्ट. दारापासून खुर्चीपर्यंत पावणेदोन तास सहज होतात. जाऊन-येऊन साडेतीन. महिन्याचे 23 दिवस धरले तर 80 तास. शनिवारही कामाचा असेल तर 90 च्या पुढे.

म्हणून होकार कळवण्याआधी एकदा खरा प्रवास करून बघा, पाळीच्या वेळेलाच आणि सोमवारी किंवा मंगळवारी. रविवारी जाऊन येणारे बरेच असतात. रविवारी मेगाब्लॉक तरी असतो नाहीतर डबे रिकामे, त्यामुळे काहीच कळत नाही. परतीचा प्रवासही त्याच दिवशी संध्याकाळी करा. खरा अंदाज परतीतच येतो, कारण सकाळी अंगात ताकद असते आणि संध्याकाळी ठाण्याला कर्जत गाडीत शिरताना नसते. अंबरनाथहून चढणारे काही जण बसायला जागा मिळावी म्हणून डाऊन करून बदलापूरला जातात आणि तिथून बसून येतात. तुम्हालाही तसं करावं लागणार असेल तर तोही वेळ धरा.

लेट मार्कचा नियमही आताच विचारून घ्या. तीन लेट मार्कला अर्धा दिवस कापायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. कुर्ला-शीव भागात रुळांवर पाणी साचलं की मागची सगळी लाइन अडते. जुलैत अशा दिवशी काय करता, या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक ऑफिसात वेगळं मिळतं.

माझं मत विचाराल तर पहिल्या नोकरीसाठी एका बाजूचे दोन तास ही शेवटची मर्यादा, तीही वर्ष-दीड वर्षासाठी. त्यापुढे शिकवलेलं डोक्यात शिरत नाही, माणूस ट्रेनिंगमध्ये डुलक्या काढतो.

सीटीसीला पगार समजणं

याला फार शब्द खर्च करायची गरज नाही. सीटीसी म्हणजे कंपनी तुमच्यावर करते तो एकूण खर्च. महिना 20 हजार सीटीसी आणि त्यात मूळ पगार 10 हजार असेल, तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ईएसआय (आजारपणाचा सरकारी विमा) त्या 20 हजारांतच धरलेला असतो. मग तुमच्या वाट्याचा पीएफ जातो, ईएसआयचा पाऊण टक्का जातो, व्यवसाय कर जातो (महाराष्ट्रात 25 हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना तो माफ आहे). हातात 16 हजारांच्या आसपास पडतात. घरून करायच्या कामात 17 हजार 'फिक्स' म्हणतात तेव्हा मात्र अनेकदा तुम्ही कर्मचारी नसताच, कंत्राटावर असता. पीएफ नाही, ईएसआय नाही, पगारी रजा नाही, वरून टीडीएस, म्हणजे आयकर आधीच कापून पैसे. तुलना करायची तर दोन्ही आकडे एकाच मापाने मोजा. रेल्वेच्या सेकंड क्लास पासाचा खर्च या सगळ्यात किरकोळ असतो. खिसा कापतात ते रिक्षा आणि बाहेरचं खाणं.

बाँडवर डोळे झाकून सही, किंवा 'बाँड चालतच नाही' हा भ्रम

ट्रेनिंग देणाऱ्या कंपन्या अनेकदा दोन वर्षांचा बाँड लिहून घेतात, म्हणजे मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायचा करार. मित्रमंडळीत एक तरी वकील असतो, जो छातीठोकपणे सांगतो की कोर्टात बाँड टिकत नाही. इतकं सोपं नाही ते. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. ती सरकारी बँक होती, भरतीचा खर्च आणि पद्धत वेगळी होती, हे खरं. खासगी कंपनीच्या बाबतीत तिने तुमच्यावर खरंच किती खर्च केला आणि मागितलेली रक्कम वाजवी आहे का, हा प्रश्न येतो. पण 'कागद फाडून टाकू' या भरवशावर सही करू नका. रक्कम किती, ती महिन्यागणिक कमी होते का, कंपनीनेच काढलं तर काय, हे तीन मुद्दे त्यात असलेच पाहिजेत.

मूळ मार्कशीट आणि डिग्री कुणाच्याही ताब्यात द्यायची नाही, झेरॉक्स द्या आणि मूळ प्रत दाखवून परत घ्या. सही केलेला कोरा चेक तर मुळीच नाही. चेक न वटल्याचा खटला फौजदारी असतो.

घरून कामाच्या जाहिरातीची शहानिशा न करणं

लॅपटॉपचं डिपॉझिट, नोंदणी फी, 'आयडी चालू करायचे पैसे' यांपैकी काहीही मागितलं की विषय संपला. खरी कंपनी पगार देते, घेत नाही. फॉर्म भरायच्या कामाचा एक जुना सापळा अजून चालतो: हजार फॉर्म टाइप करायला देतात, मग 'अचूकता कमी पडली, करार मोडला' म्हणून वकिलाच्या नावाने नोटीस पाठवून पैसे उकळतात. घाबरून पैसे भरू नका. टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करून पैसे मिळवण्याची 'टास्क' आधी दीडशे-दोनशे रुपये खरंच देतात, आणि मग मोठी रक्कम अडकवायला लावतात. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी. आणि 'तुमच्या खात्यावर आमचे पैसे येतील, पुढे पाठवा' असं काम कितीही सोपं वाटलं तरी घेऊ नका, त्यात आरोपी तुम्ही होता.

घराला ऑफिस समजणं

वन रूम किचनमध्ये टीव्ही, कुकरच्या शिट्ट्या आणि आजीचा रेडिओ चालू असताना ग्राहकाशी चॅट करता येईल, फोनवर बोलता येणार नाही. रुग्णांची माहिती असलेल्या कामात तर कंपन्या वेगळी बंद खोली, मोबाइल बाहेर, कॅमेरा चालू अशा अटी घालतात. दुरुस्तीसाठी ठरलेल्या दिवशी महावितरणची वीज जाते तेव्हा इन्व्हर्टर आहे का? वायफाय बंद पडलं तर मोबाइलचं नेटवर्क घराच्या कोणत्या कोपऱ्यात येतं? हे होकार देण्याआधी बघायचं.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट उघड बोलायला हवी. 'घरीच तर असतेस' म्हणत दळण, पाहुणे, भावाचा डबा असं सगळं हळूहळू अंगावर येतं. पाळीचे तास घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगा आणि त्या वेळात दार लावून घ्या. पहिल्या आठवड्यात जी सवय लागते, तीच पुढे टिकते.

तिसरा पर्याय न शोधणं

'ट्रेनिंगपुरतं ऑफिसात, नंतर आठवड्यातून दोन दिवस' अशी सोय अनेक ठिकाणी असते, पण मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि तोंडी मिळालेली टिकत नाही. नेमणूकपत्रात 'कंपनी सांगेल त्या ठिकाणी' असं वाक्य असेल तर घरून करायचं कामही उद्या अंधेरीला जाऊ शकतं. घरून कामाची अट ईमेलवर तरी लिहून घ्या.

ट्रेनिंगचे तीन महिने घणसोली किंवा कोपरखैरण्यात कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन, राहून काढणं हाही मार्ग आहे. शुक्रवारी रात्री घरी, सोमवारी सकाळी परत. दिवसाचे वाचलेले तीन तास अभ्यासाला मिळतात, आणि परीक्षेच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे.

निवड केली, आणि बिनसलं तर

दुसऱ्याच आठवड्यात ट्रेनिंग बंद पडून थेट टार्गेट लागलं, तर तोंडी कुरकुर करत बसू नका. ऑफर लेटरमधलं वाक्य उद्धृत करून टीम लीडला छोटा ईमेल टाका आणि उरलेलं ट्रेनिंग कधी होणार ते विचारा. उत्तर आलं नाही तरी तो ईमेल उद्या बाँडच्या वादात तुमच्या बाजूने उभा राहतो. प्रवास झेपत नसेल तर राजीनाम्याआधी पाळी बदलून मागा. सकाळी 7 ची किंवा दुपारी 12 ची पाळी मिळाली तर गर्दीची वेळ टळते. घरून कामात सहा महिने तेच ते करून शिकणं थांबलं असेल, तर क्वालिटीवाल्याने, म्हणजे काम तपासणाऱ्याने, काढलेल्या चुकांची शीट दर आठवड्याला मागून घ्या. फुकट मिळणारा शिक्षक तोच असतो.

तरीही सोडायचंच ठरलं तर फोन बंद करून गायब होऊ नका. प्रोबेशनमधली नोटीस बहुधा कमी दिवसांची असते, तेवढी भरा, रिलीव्हिंग लेटर आणि शेवटची पगाराची स्लिप घ्या आणि यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, टिपून ठेवा. पुढच्या कंपनीचं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन बरंचसं या तीन गोष्टींवर होतं.