पुण्यातल्या कॉलेजात प्राध्यापक म्हणून लागलात? घरच्यांसाठीचे हे कागद आधी करून घ्या

सगळ्यात आधी तुमची पोस्ट नक्की कुठल्या प्रकारची आहे ते बघा, पुढचं सगळं त्यावरच ठरतं. पुण्यात एकाच स्टाफरूममध्ये एक ग्रँटेड (सरकारी अनुदानावर पगार) परमनंट, एक नॉन-ग्रँट (विनाअनुदानित), एक कंत्राटी आणि एक सीएचबी (तासांवर पैसे मिळणारा) असे चौघं शेजारी शेजारी बसलेले असतात, चौघंही तोच सिलॅबस शिकवतात, सुपरविजनही सारखंच करतात, पण रजा, पीएफ, मेडिकल प्रत्येकाचं वेगळं. त्यामुळे कोणी "अहो मला तर मिळाली होती" म्हटलं म्हणून तुम्हाला मिळेलच असं नाही, आणि "आपल्याकडे नाही मिळत हो" म्हटलं म्हणून गप्प पण बसायचं नाही. अपॉइंटमेंट ऑर्डर काढून नेमणुकीचा प्रकार आणि कालावधी वाचा, विद्यापीठाचं मान्यतेचं पत्र आलंय का ते विचारा आणि दोन्हीची झेरॉक्स घरी ठेवा.

आता नॉमिनेशन, म्हणजे तुमच्यानंतर पैसे कोणाला मिळणार त्याची नोंद. माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं आणि नंतर सगळ्यात जास्त त्रास पण इथेच होतो. लग्नाआधी नोकरीला लागलेला माणूस पीएफला आईचं नाव देतो, पुढे लग्न होतं, मुलं होतात, फॉर्म तसाच राहतो. पीएफच्या नियमात लग्न झालं की आधीचं नॉमिनेशन बाद होतं, नवीन भरावं लागतं. यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) पोर्टलवर जाऊन ई-नॉमिनेशन करा, घरच्यांचे आधार आणि फोटो लागतात, आणि सगळं भरून झाल्यावर शेवटी आधार ओटीपीने ई-साइन करायचं असतं. बरेच जण सेव्ह करून बाहेर पडतात आणि झालं असं समजतात, पण ई-साइन केल्याशिवाय ते पेंडिंगच राहतं. ग्रॅच्युइटीचं (नोकरी संपताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांचं) नॉमिनेशन वेगळं, ते कॉलेजच्या ऑफिसात कागदावर करायचं. ग्रँटेडवाल्यांनी सेवापुस्तकात नॉमिनेशनची नोंद झालीय का ते स्वतः उघडून बघा, दुय्यम प्रत मागून घ्या. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) आहे, तिथे पगारातून मूळ वेतन अधिक डीएच्या (महागाई भत्त्याच्या) १० टक्के जातात आणि सरकारचे १४ टक्के येतात, तर हे १४ टक्के खरंच दर महिन्याला जमा होतायत का ते प्रानच्या (एनपीएस खात्याच्या नंबरच्या) स्टेटमेंटवर तपासा.

खासगी संस्थेत असाल तर पगाराच्या स्लिपवर पीएफचा आकडा बघा. १८०० दिसत असेल तर तुमचा पीएफ १५ हजारांच्या मर्यादेवरच कापला जातोय, पूर्ण बेसिकवर नाही. पीएफसोबत ईडीएलआय नावाचा आयुर्विमा असतो, त्याचे पैसे पगारातून कापत नाहीत आणि नोकरीत असताना माणूस गेला तर घरच्यांना जास्तीत जास्त ७ लाख मिळतात. हे कितीतरी घरांना माहितीच नसतं हो, वाईट वाटतं. ग्रॅच्युइटी शिक्षकांना लागू नाही असं अजून कुठे सांगत असतील तर ते चूक आहे, कायद्यात दुरुस्ती होऊन ती ३ एप्रिल १९९७ पासून लागू झालीय आणि सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये ती कायम ठेवलीय. हिशोब सोपा, शेवटचं बेसिक अधिक डीए भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. म्हणजे ५२ हजारांवर १० वर्षं झाली तर ३ लाख. परमनंट नोकरीला पाच वर्षांची अट आहे, पण मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर ती अट लागत नाही.

बाळंतपणाच्या रजेचं नीट वाचा. कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा, त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे डिलिव्हरीच्या आधी घेता येतात, आणि आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं पाहिजे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत १८० दिवस आहेत आणि बाबांना १५ दिवस, ते पुरुष प्राध्यापक मागतच नाहीत, मागा! कंत्राटी मॅडमना बहुतेक ठिकाणी "तुमची ऑर्डर एप्रिलमध्ये संपते, रजा कशी देणार" असं ऐकवतात. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंत्राटी डॉक्टरच्या केसमध्ये स्पष्ट म्हटलंय की कॉन्ट्रॅक्ट संपलं तरी मॅटर्निटीचे लाभ पूर्ण काळाचे द्यावे लागतात. तेव्हा तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका, लेखी अर्ज द्या. सीएचबीवाल्यांची लढाई अवघड आहे हे खरंय, पण मस्टरवरच्या सह्यांचे फोटो आणि टाइमटेबल जपून ठेवा, उद्या दिवस मोजायची वेळ आली तर तेवढाच पुरावा असतो.

बालसंगोपन रजेत घोळ होतो कारण यूजीसीच्या नियमावलीत पूर्ण नोकरीत ७३० दिवस लिहिलेत आणि राज्य सरकारच्या २०१८ च्या जीआरमध्ये (शासन निर्णयात) १८०. तुमच्या संस्थेत कुठला नियम लावतात ते ओएसना (ऑफिस सुपरिटेंडेंटना) अर्ज देऊनच विचारा. दहावी-बारावीच्या वर्षासाठी थोडी शिल्लक ठेवा असं मी तरी सांगेन. आणि पीएचडी चालू असेल तर यूजीसीच्या २०२२ च्या नियमात महिलांना बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी २४० दिवस वेगळे आहेत, शिवाय पीएचडीच्या मुदतीत दोन वर्षांची जास्तीची वाढ मिळू शकते, गाइडना आठवण करून द्यावी लागते.

अर्ज कसा द्यायचा हे पण सांगते, कारण गाडी इथेच अडते. दोन प्रती काढायच्या, प्राचार्यांच्या नावाने, विषयात रजेचा प्रकार आणि तारखा, सोबत डॉक्टरांचं सर्टिफिकेट. आवक विभागात द्यायचा आणि तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि इनवर्ड नंबर घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही. शिपाईमामांच्या हातात दिला, सरांच्या टेबलावर ठेवला, व्हॉट्सॲप केला, याला पोच म्हणत नाहीत. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच इनवर्ड नंबरचा उल्लेख करून स्मरणपत्र. ग्रँटेड कॉलेजचं मेडिकल बिल पण असंच, ते पुढे सहसंचालक ऑफिसला जातं, एखादी सही किंवा मूळ पावती राहिली की फाइल परत येते, म्हणून दवाखान्यातून डिस्चार्ज घेतानाच बिलांवर डॉक्टरांची सही-शिक्का घ्या.

नॉन-ग्रँटमध्ये ग्रुप मेडिक्लेम असेल तर पॉलिसीची कॉपी मागा आणि तीनच गोष्टी बघा, आईवडील त्यात आहेत का, डिलिव्हरीला मर्यादा किती, आणि नोकरी सुटली तर काय. आईवडील सत्तरीच्या पुढे असतील तर आयुष्मान वय वंदना कार्ड लगेच काढा, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे आणि आधार असलं की होतं. कुठल्या हॉस्पिटलमध्ये चालतं ते मात्र आधीच फोन करून विचारून ठेवा, ॲडमिशनच्या रात्री नको.

कॉलेजात ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करणं हे संस्थेचं काम आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता आलं पाहिजे. एकटीने मागितलं तर कोणी लक्ष देत नाही, पाच-सहा जणींनी मिळून, टीचिंग आणि नॉन-टीचिंग दोन्हीकडच्या सह्या घेऊन एकच अर्ज द्या.

आणि हे सगळं झालं की यूएएन किंवा प्रान, पॉलिसी नंबर, ऑफिसातल्या एका माणसाचं नाव आणि नंबर एका कागदावर लिहून नवऱ्याला किंवा बायकोला दाखवा, फाइल कुठल्या कपाटात आहे ते पण सांगा.