रेप्लिका स्पोर्ट्स कार घेताय? घाट उतरण्याआधी या चुका टाळा

कासहून परत येत होतो. यवतेश्वरचा घाट निम्मा उतरलो आणि ब्रेकचं पेडल मऊ लागायला लागलं. पुढच्या वळणावर ते थेट तळाला गेलं. शेजारी भाचा बसलेला. गिअर दुसऱ्यात टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटाराला घासत थांबवली. गाडी रेप्लिका, म्हणजे कोब्रा या जुन्या स्पोर्ट्स कारची नक्कल, फायबर बॉडीची, चारच महिन्यांपूर्वी घेतलेली. विकणाऱ्याने सांगितलं होतं, "ब्रेक सगळे नवीन केलेत." लायनर नवीन होते, हे खरं. ब्रेक ऑइल मात्र कैक वर्षं बदललेलं नव्हतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. घाटात ते तापलं की त्यातल्या पाण्याची वाफ होते, आणि पाय दाबतो ती नुसती वाफ. दोन वर्षांतून एकदा ते बदलायचंच, गाडी शेडमध्ये उभी असली तरी.

त्या दिवसापासून साताऱ्यात नि सांगलीत कुणी अशी गाडी घेतोय असं कळलं, की मी आपणहून भेटायला जातो.

या गाड्यांचं वेड मला पुरतं कळतं. १९६२ साली एसी कंपनीच्या हलक्या इंग्लिश गाडीत अमेरिकन रेसर कॅरोल शेल्बीने फोर्डचं व्ही-८ इंजिन बसवलं आणि कोब्रा जन्मली. पोर्शच्या ५५० स्पायडर या स्पोर्ट्स कारच्या जेमतेम नव्वदेक गाड्या बनल्या. आज यातली अस्सल गाडी घ्यायची तर कोट्यवधी रुपये मोजावे लागतात, आणि घेतलीच तरी पसरणीच्या घाटात ती न्यायची हिंमत कोण करेल? रेप्लिका नेता येते. जमिनीला टेकल्यासारखं बसायचं, वाऱ्याचा झोत थेट तोंडावर, वाईचा कृष्णाकाठ मागे पडत जातो. हा आनंद खरा आहे. म्हणून माझं म्हणणं एवढंच: रूप हवं तितकं जुनं ठेवा, पण जीव ज्यांच्यावर आहे ते भाग आजचे आणि मोजूनमापून बसवलेले घ्या. अस्सल कोब्रातही एअरबॅग नव्हती, एबीएस नव्हतं. नक्कल करताना तेवढी नक्कल नको.

रंग बघून व्यवहार करू नका

पहिली चूक हीच. गाडी रॅम्पवर चढवल्याशिवाय किंमत बोलू नका. फायबरवर बिजागरीपाशी, बॉडी चासीला बसते त्या बोल्टांपाशी, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा दिसतात का, ते उजेडात तिरकं बघा. दगड लागून पडलेली चीर एकटी असते. बोल्टाभोवती चांदणीसारख्या पसरलेल्या चिरांचा अर्थ बहुतेक वेळा खालची चासी पिळतेय असा असतो. पुट्टी भरून रंग मारला, तरी थोड्याच महिन्यांत त्या तिथेच उगवतात. चासीच्या पाइपांच्या सगळ्यात खालच्या टोकांना स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. आतून गंजलेला पाइप बाहेरून नवाकोरा दिसतो.

पुढचे ब्रेक एका गाडीचे, वजन दुसऱ्याच गाडीचं

आपल्याकडे बहुतेक रेप्लिका कुठल्यातरी चालत्या गाडीचे भाग घेऊन बनतात. मूळ गाडीत इंजिन पुढे असतं, म्हणून पुढचे ब्रेक दणकट. तेच भाग स्पायडरसारख्या गाडीत घातले आणि इंजिन पाठीमागे गेलं, की पुढे वजनच उरत नाही. पावसात ब्रेक दाबला की पुढची चाकं जाम होतात, स्टेअरिंग फिरवा नाहीतर नका फिरवू, गाडी सरळच जाते. उलट मागची चाकं आधी जाम झाली तर गाडी गर्रकन फिरते, ते जास्त वाईट.

तपासायची रीत सोपी आहे. मोकळं पटांगण, पाणी मारलेलं, वेग तीसच्या आसपास. मित्राला बाजूला लांब उभं करा आणि कुठलं चाक आधी थांबतं ते बघायला सांगा. पुढची चाकं किंचित आधी थांबायला हवीत. तसं होत नसेल तर दोन मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणारे पंप) आणि त्यांना जोडणारा मधला दांडा, म्हणजे बॅलन्स बार, बसवून घ्या. त्यावर पुढचा-मागचा जोर जुळवता येतो.

खड्ड्यातून जाताना स्टेअरिंग आपोआप एका बाजूला खेचलं जात असेल, तर नुसतं अलाइनमेंट करून भागणार नाही. बहुधा स्टेअरिंग रॅकची, म्हणजे पुढची चाकं वळवणाऱ्या दांड्याची, उंची चुकली आहे. त्याची बैठक कापून तो नीट उंचीवर बसवायला लागतो.

पट्टा फायबरला, कमान शोभेला

मी पाहिलेल्या एका गाडीत सीटबेल्टचा बोल्ट थेट फायबरमध्ये होता, मागे एक वॉशर. धडकेत तो लोण्यातून सुरी निघावी तसा निघेल. पट्टा चासीच्या पाइपला वेल्ड केलेल्या जाड प्लेटलाच हवा. गाडी उलटली तर डोकं वाचवणारी मागची चकचकीत कमानही चासीपर्यंत गेलेली हवी, आणि बसल्यावर डोकं तिच्या खाली राहायला हवं.

आपल्या भागात याला आणखी एक कारण आहे. उसाच्या हंगामात कराड, इस्लामपूर, सांगलीच्या रस्त्यांवर रात्री ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या असतात, कित्येकींना मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. ट्रॉलीचा साटा नेमका आपल्या छातीच्या उंचीवर येतो. बॉनेट खाली शिरतं आणि पुढचा मार माणसाला बसतो. हंगामात अंधार पडल्यावर ही गाडी बाहेर काढूच नका. मी काढत नाही.

दिवे लुकलुकतात, हॉर्न मधेच बंद

अर्थिंगची भानगड. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थचं काम करते, फायबरमधून करंट जात नाही. प्रत्येक दिव्याला अर्थची वेगळी वायर चासीपर्यंत ओढा. पेट्रोलच्या टाकीलाही आणि ती भरतो त्या गळ्यालाही, कारण तिथे साचलेल्या स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. शिवाय दोन किलोचा पावडर एक्स्टिंग्विशर सीटपासून हात पोचेल तिथे ठेवा, डिकीत नको. बाजूने सायलेन्सर असेल तर उतरताना पोटरी सांभाळा. माझ्या पोटरीवर अजून डाग आहे.

कागदपत्रं

थोडक्यात सांगतो, पण हे हलकं घेऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करून गाडी वापरता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. आरसीवर एक गाडी आणि रस्त्यावर दुसरीच, असं असेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते. व्हिंटेजचा 'व्हीए' नंबर मिळेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तो पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी आहे. पैसे देण्याआधी आरसी आणि चासी नंबर घेऊन आरटीओत जाऊन विचारा, मग ते एमएच ११ (सातारा) असो, १० (सांगली) असो की ५० (कराड).

सगळं जमलं की पहिले दोनशे किलोमीटर सपाटीवर चालवा आणि प्रत्येक नट पुन्हा आवळा. मग घाट. पायथ्याला पोचलात की थांबा, उतरा, चारही चाकांजवळ तळहात न्या, टेकवू नका. तीन तापलेली आणि एक गार लागलं, तर त्या गार चाकाचा ब्रेक लागतच नाही. तिथून पुढे गाडी टेम्पोवर घालून घरी आणा.