लँटर्नचा दिवा विजेवर चालत नाही: चमकत्या माशांबद्दल लिहिताना या चुका टाळा

पोकेमॉनमधला लँटर्न, म्हणजे डोक्यावर दिवा मिरवणारा तो गोबरा निळा मासा, 1999 साली 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' या गेममध्ये आला. त्याच्यावर माहितीपर लिहिणारे किंवा त्याच्या धर्तीवर स्वतःचा चमकता मासा रचणारे फिरून फिरून त्याच खड्ड्यांत पडतात. मीही पडलोय.

सगळ्यात मोठा खड्डा विजेचा. लँटर्न जल आणि विद्युत अशा दोन्ही प्रकारांत मोडतो, म्हणून त्याचा दिवा विजेवर पेटतो असं लोक धरून चालतात. पण 'रूबी' या गेममधल्या त्याच्या नोंदीत सरळ लिहिलंय की जिवाणू आणि शरीरातले द्रव यांच्या रासायनिक क्रियेतून प्रकाश पडतो. गेमवाल्यांनी अभ्यास केलाय, आपणच नोंद वाचत नाही. खोल समुद्रात दिव्याचं आमिष दाखवून शिकार करणाऱ्या खऱ्या अँगलरफिशमध्येही जिवाणूच असतात. पाठीवरच्या पराचा पहिला काटा पुढे सरकून त्याची गळाची काठी झालेली असते आणि टोकाला लोंबते एक मांसल गोळी. तिच्या आत दाटीवाटीनं राहणारे जिवाणू ल्युसिफेरिनसारख्या रसायनाचा ऑक्सिजनशी संयोग घडवून निळसर उजेड देतात. पिल्लं हे भाडेकरू जन्मतः घेऊन येत नाहीत, पुढे समुद्राच्या पाण्यातून मिळवतात. आणि वीज? ती दुसऱ्याच कुळातली. इलेक्ट्रिक ईल 860 व्होल्टपर्यंत झटका देतो, पण राहतो दक्षिण अमेरिकेच्या गोड्या पाण्यात, आणि चमकत तर अजिबात नाही. लँटर्नमध्ये या दोन्ही गुणांची सरमिसळ आहे. लेखात मात्र त्यांचा हिशेब वेगळा मांडा.

दुसरी चूक माझी स्वतःची. अँगलरफिशची जोडी काढताना मी दोघांच्याही कपाळावर दिवे टांगले. एका वाचकानं लगेच कान धरला: दिवा फक्त मादीला असतो. (गेममध्ये नर लँटर्नलाही दिवा मिळालाय, ती कल्पनेची सवलत.) सेराटियास होलबोएली या अँगलरफिशच्या जातीची मादी मीटरभराहून मोठी होऊ शकते, नर जेमतेम काही सेंटिमीटरचा. 1922 मध्ये आइसलँडचे जीवशास्त्रज्ञ ब्यार्नी सायमुंडसन यांना एका मादीला चिकटलेले छोटे मासे दिसले आणि ती त्यांना पिल्लं वाटली. 1925 मध्ये ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञ चार्ल्स टेट रीगन यांनी असाच एक चिकटलेला मासा चिरून पाहिला, तेव्हा कळलं की हा नर आहे. तो मादीला चावा घेऊन चिकटतो, मग कातडी जुळते, रक्तवाहिन्या जुळतात आणि त्याचं पोट तिच्याच रक्तावर भरतं. इतका पक्का घरजावई दुसरीकडे सापडणार नाही! पण म्हणून 'सगळे नर असे असतात' असंही लिहू नका. काही जातींत नर काम उरकलं की सुटून जातो.

लँटर्नचा उजेड सुमारे 5 किलोमीटर खोलवरून समुद्राच्या पृष्ठभागापर्यंत पोचतो, हे गेममधलं वाक्य वस्तुस्थिती म्हणून उचलू नका. भर दुपारचा सूर्यप्रकाशसुद्धा 1000 मीटरच्या खाली पोचत नाही.

चित्र काढणाऱ्यांचा घोळ रंगात होतो. दिवा पेटला की अख्खा मासा उजळून दाखवायचा मोह आवरत नाही. खोल समुद्रात असं झालं तर भक्ष्य पळेल आणि मोठा शिकारी येईल. म्हणून तिथे अक्षरशः दिव्याखाली अंधार असतो. 2020 साली शास्त्रज्ञांनी खोल पाण्यातल्या 16 जातींच्या कातडीचं वर्णन केलं, त्यांत अँगलरफिशही होता. ही कातडी अंगावर पडलेल्या प्रकाशातला अर्ध्या टक्क्याहूनही कमी परत पाठवते. तेव्हा गोळी चमकवा, जमलं तर दातांची टोकं, बाकी काळं ठेवा.

'ग्लोफिश'ला या यादीत घालू नका. 2003 पासून अमेरिकेत विकले जाणारे हे पाळीव मासे जनुक बदलून केलेले आहेत आणि बाहेरचा प्रकाश पडला तरच झळाळतात. खोलीतले सगळे दिवे मालवा, तेही गुडुप.

राहिला प्रश्न दिवा विझवायचा. काल्पनिक माशाला इथे लोक मनाच्या जोरावर चालणारं बटण देतात. त्याऐवजी फ्लॅशलाइट फिशकडे बघा. त्याचेही जिवाणू सतत उजळतच असतात, त्यांची थैली असते डोळ्याखाली. या माशांतला फोटोब्लेफॅरॉन हा प्रकार तिच्यावर पापणीसारखा पडदा ओढतो, तर अनोमॅलॉप्स हा दुसरा प्रकार अख्खी थैलीच आत वळवून चमकती बाजू लपवतो.