कोरल मिटून बसलं तर आधी काय पाहायचं?

न्यू जर्सीत लोकांच्या घरचे रीफ टँक, म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) वाढवायचे खाऱ्या पाण्याचे टँक, सांभाळणं हे माझं काम. सुरुवात एका दुकानात झाली. मीठ कालवणं, काचा घासणं, फ्रॅग (कोरलचे छोटे तुकडे) कापून चिकटवणं असं सगळं केलं आणि मग घरोघरी जाऊ लागले. या कामात नव्याने येणाऱ्यांना आणि पहिलाच टँक लावलेल्यांना मी एक गोष्ट पुन्हापुन्हा सांगते: कोरल बिघडलेलं दिसलं की हातातली बाटली आधी खाली ठेवा. फोन येतो तो बहुतेक वेळा ‘कोरल मिटलंय, काय घालू?’ असाच. काय घालायचं हे फार पुढचं. आधी बघायचं, एकच कोरल मिटलंय की सगळीच.

एवढं कळलं तरी निम्मी वाट सरते. सगळीच मिटली असतील तर दोष पाण्यात. एकच मिटलंय आणि बाजूची मस्त फुललेली आहेत, तर पाणी बहुधा ठीक आहे. मग जागा, उजेड, प्रवाह, शेजारी नाहीतर कीड शोधायची.

पाण्याचं एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण त्यात शिकण्यासारखं खूप आहे. एका मराठी काकांचा दोनशे लिटरचा टँक. त्यातलं हॅमर कोरल आक्रसून गेलेलं, मांस मागे सरकल्यामुळे सांगाड्याच्या पातळ कडा बाहेर डोकावत होत्या. झोआ (चटईसारखी पसरणारी बटणाएवढी कोरल) बंद, लेदर (चामड्यासारखं मऊ कोरल) मान टाकून बसलेलं. काकांची वही मात्र चोख. तापमान २५.५ अंश, खारटपणा ३५ (हजार भागांत इतकं मीठ), अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची ताकद) ८.४ डिग्री, आणि पुढचे पीपीएममध्ये: कॅल्शियम ४३०, नायट्रेट ५, फॉस्फेट ०.०५. “अगं, सगळे आकडे पुस्तकात छापावेत असे आहेत, मग यांना झालंय तरी काय?” काकांनी विचारलं. वहीत एकच आकडा खटकत होता: मॅग्नेशियम ११९०. एरवी ते १३०० ते १३५० च्या आसपास असतं.

मी माझ्या पिशवीतलं नेमक्या ३५ खारटपणाचं कॅलिब्रेशनचं (उपकरण तपासायचं) पाणी काढलं आणि त्याचे दोन थेंब काकांच्या रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारटपणा मोजायच्या उपकरणावर, टाकले. आकडा आला ३९. म्हणजे वहीत ३५ लिहिलेलं पाणी प्रत्यक्षात ३१ च्या जवळपास होतं. काका दर महिन्याला आरओच्या बिनमिठाच्या पाण्याने शून्य जुळवत होते, पण शून्याला बरोबर असलेलं उपकरण ३५ ला बरोबर असेलच असं नाही. जिथे मोजायचं, तिथेच जुळवायचं. आता मीठ गेलं कुठे? स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) बरेच दिवस जास्तच ओला चालत होता, म्हणजे फेसाबरोबर पाणीही ओढत होता. कप रोज खारट पाण्याने भरायचा, काका तो ओतून द्यायचे आणि ऑटो टॉप-ऑफ (कमी झालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) त्याच्या जागी गोडं पाणी भरायचा. कॅल्शियम आणि अल्कलिनिटीचा डोस रोज पडत असल्याने ते दोन आकडे जागेवर राहिले आणि कुणाला शंका आली नाही. मॅग्नेशियमचा डोस नव्हता, म्हणून त्यानेच खरं काय ते सांगितलं.

उपाय साधा होता. टॉप-ऑफच्या टाकीत गोड्या पाण्याऐवजी ३५ चं खारं पाणी भरलं आणि स्किमर घट्ट फेसावर आणला. दहा-बारा दिवसांत खारटपणा हळूहळू वर आला. एकदम मीठ ओतायचं नाही. दिवसाला एकाहून जास्त वाढवू नये, असं मी पाळते. आधी झोआ उघडल्या, मग लेदर उभं राहिलं. हॅमरला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि ते तसंच व्हायचं होतं.

पाण्यातला दुसरा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे अल्कलिनिटीची चढउतार. नवखे लोक आठ की नऊ यावर वाद घालतात, पण कोरलला त्याने फारसा फरक पडत नाही. सकाळी ७.५ आणि संध्याकाळी ९.५ डिग्री, याने पडतो. अख्ख्या दिवसाचा डोस एकदम टाकणाऱ्यांच्या टँकमध्ये हे हमखास दिसतं, आणि रोज ठरावीक वेळीच टेस्ट करत असाल तर ते कधीच कळत नाही. म्हणून निदान एकदा तरी सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा मोजून पाहा. शंभर लिटर पाण्यात साधारण तीन ग्रॅम खाण्याचा सोडा अल्कलिनिटी एका डिग्रीने वाढवतो. एवढं ध्यानात राहिलं की चमच्याने अंदाजपंचे टाकायला हात धजत नाही.

आणि कृपा करून नायट्रेट, फॉस्फेट ही पोषक द्रव्यं शून्यावर नेऊ नका. काच लख्ख दिसते, पण कोरल फिकट पडतं, ॲक्रोपोरासारख्या फांद्यांच्या कोरलची टोकं जळतात आणि वाळूवर डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्म जीवांचा तपकिरी शेवाळी थर येतो. अशा टँकमध्ये मी पहिल्यांदा फॉस्फेट रिमूव्हर काढून टाकते आणि माशांचं खाणं वाढवते.

आता एकटं कोरल बिघडलेलं असेल तेव्हा. रंग गेलाय की मांस गेलंय, हे जवळून बघा, कारण या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. मांस जागेवर आहे पण पांढुरकं, पारदर्शक झालंय, तर ते ब्लीचिंग. कोरलच्या मांसात राहून उजेडावर अन्न बनवणारं सूक्ष्म शैवाल निघून गेलेलं असतं, कोरल मात्र जिवंत असतं. नवे दिवे लावले, काच स्वच्छ केली, पाणी गाळायचा कार्बन बदलून पाणी नितळ झालं, कशानेही एकदम उजेड वाढू शकतो. उजेड कमी करा आणि मोठ्या पॉलिपचं (मोठ्या मांसल तोंडांचं) कोरल असेल तर बारीक खाणं द्या, ते सावरतं. उलट तपकिरी पडत चाललं असेल तर बहुधा उजेड कमी पडतोय किंवा पाण्यात पोषक द्रव्यं जास्त झालीत. पण मांसच सुटून खालचा पांढरा सांगाडा उघडा पडत असेल, तर वाट पाहत बसू नका.

यातली सर्वात घाईची अवस्था म्हणजे ब्राऊन जेली. हॅमर, टॉर्च, फ्रॉगस्पॉन या कोरलवर तपकिरी, चिकट, लोंबता थर येतो आणि कोरल बाहेर काढलं की सडका वास येतो. असं दिसलं की आधी वेव्हमेकर (पाणी ढवळणारा पंप) बंद करा, नाहीतर तो थर शेजारच्या कोरलवर जाईल. नळीने थर ओढून घ्या, कोरल वेगळ्या भांड्यात काढा, सडलेली डोकी कापून टाका आणि उरलेल्याला आयोडीनचा डिप द्या, म्हणजे आयोडीन घातलेल्या पाण्यात थोडा वेळ बुडवा. डिपचं पाणी टँकमध्ये परत जाता कामा नये. कधी अख्खं कोरल सोडून द्यावं लागतं. वाईट वाटतं, पण बाकीची वाचतात.

कीड दिवसा सहसा सापडत नाही. दिवे गेल्यावर तासाभराने लाल उजेडाची बॅटरी घेऊन बसा. माँटिपोरा कोरलच्या कडेला, खालच्या अंगाला तांदळाच्या कणीएवढे पांढरे न्यूडीब्रँक (बिनशंखाच्या समुद्री गोगलगायी) दिसतील. डिपने ते मरतात, अंडी मरत नाहीत, म्हणून आठवड्याने डिप पुन्हा द्यावाच लागतो. रात्रीच शेजाऱ्यांची भांडणंही दिसतात: गॅलॅक्सियासारखी कोरल लांबच लांब डंखाचे धागे सोडून बाजूच्याला भाजून काढतात. तिथे औषध नाही, अंतर वाढवायचं.

लेदर कोरल मिटून, चकचकीत मेणासारखा पापुद्रा धरून बसलं तर घाबरू नका. ते कात टाकतंय. आठवडाभरही लागतो. थोडा प्रवाह वाढवा आणि हात लावू नका.

हात लावण्यावरून एक गोष्ट मी प्रत्येक नव्या मदतनिसाला पहिल्याच दिवशी बजावते. झोआ आणि त्यांच्या जवळच्या पॅलिथोआ कोरलमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय घातक विष असू शकतं. कापताना हातमोजे आणि संरक्षक चष्मा हवाच. झोआ चिकटलेला दगड कधीही उकळायचा नाही, गरम पाण्याने धुवायचा नाही; वाफेतून विष श्वासात जातं आणि घरातली सगळी माणसं आजारी पडू शकतात. त्रास झालाच तर इमर्जन्सीत झोआंचा उल्लेख आवर्जून करा, डॉक्टरांना ते आपणहून सुचणं कठीण असतं.

भारतातूनही मला बरेच जण विचारतात. त्यांच्यासाठी स्पष्ट सांगते: तिथे दगडी प्रवाळ, समुद्रपंखे, काळं प्रवाळ हे सगळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. दुकानात कुणी कानात सांगून विकत असेल तरी घेऊ नका. कोरल पाहायचं असेल तर मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात उतरा. टँक लावायचाच असेल तर मासे आणि साध्या दगडांवर उत्तम खाऱ्या पाण्याचा टँक होतो, आणि खारटपणा, तापमान, नायट्रेटचं सगळं शिक्षण त्यातच मिळतं.

कारण सापडलं असं वाटलं तरी एका वेळी एकच बदल करा आणि निदान आठवडाभर थांबा. दिवे कमी केले, कार्बन टाकला, कोरलची जागा हलवली, हे सगळं एकाच रविवारी केलंत तर कशाने बरं वाटलं हे कधीच कळणार नाही. आणि बिघडलं तर तेही कळणार नाही.

मदत मागायला कुणालाही फोन कराल तेव्हा तीन गोष्टी जवळ ठेवा. निळे दिवे बंद करून पांढऱ्या उजेडात काढलेला फोटो, कारण निळ्यात आजारी कोरलही झगमगतं. टेस्टचे आकडे, किती वाजता मोजले त्यासकट. आणि गेल्या दोन-तीन आठवड्यांत टँकमध्ये काय काय बदललं त्याची यादी: नवा मासा, मिठाची नवी बॅग, खोलीत मारलेला स्प्रे, गंजलेलं चुंबक, सगळं. यातलं तिसरं लोक नेहमी गाळतात, आणि मी सगळ्यात आधी तेच विचारते.